बिअर म्हणजे काय दारू?

मागच्या उन्हाळ्यात नेरडीगोंड्याला आमच्या घरचं लग्न होतं. मांडवामागे बर्फाच्या टपात बाटल्या थंड होत होत्या. आजीनं विचारलं, "काय आणलं रे?" मोठे मामा हसून म्हणाले, "काही नाही माय, बिअर हाय. बिअर म्हणजे काय दारू?" आजीचं समाधान झालं. ती पुरणाकडे बघायला निघून गेली. तीच बाटली मोहाची किंवा गुडुंब्याची असती, तर आजीनं मांडव डोक्यावर घेतला असता.

मला त्या वाक्यानं तेव्हा काहीच केलं नाही, कारण ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. मराठीत ऐकलंय, तेलुगूत ऐकलंय. नंतर वाङ्मय मंडळात "जाहिरातीची भाषा" हा विषय निघाला आणि मी जुन्या बिअरच्या जाहिराती शोधून वाचायला लागले. चमत्कारिक, गमतीशीर घोषवाक्यं. वाचता वाचता हसत होते आणि मधेच थांबले. मामांचं वाक्य मला तिथे भेटलं. म्हणजे शब्द वेगळे होते, पण वाक्य तेच. माझं म्हणणं असं आहे की बिअरचं आजवरचं सगळ्यांत यशस्वी घोषवाक्य हेच आहे: बिअर म्हणजे दारू नव्हे. ते कुठल्या एका कंपनीनं लिहिलेलं नाही. पण अडीचशेहून जास्त वर्षं चित्रकार, कंपन्या, सरकारं आणि आपण सगळ्यांनी मिळून ते लिहीत आणलंय.

सुरुवात इंग्लंडमध्ये बघू. १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकारानं दोन चित्रं छापली, "बिअर स्ट्रीट" आणि "जिन लेन". जिनच्या गल्लीत सगळा नाश आहे. झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय, माणसं मरतायत. बिअरच्या रस्त्यावर मात्र सगळे गुटगुटीत, कामसू आणि आनंदी. धंदा बुडालाय तो फक्त गहाणवट ठेवून घेणाऱ्या सावकाराचा! त्या काळी लंडनमध्ये जिननं खरंच हाहाकार माजवला होता, त्यामुळे होगार्थचा हेतू चांगलाच होता. पण त्या जोडचित्रानं एक विभागणी पक्की केली: वाईट ती दारू आणि चांगली ती बिअर.

पुढे कंपन्यांना आयतं शेत मिळालं. आयर्लंडच्या गिनेसनं १९२९ मध्ये वर्तमानपत्रांतून मोठी जाहिरात सुरू केली. घोषवाक्य होतं, "गिनेस इज गुड फॉर यू", म्हणजे गिनेस तुमच्या प्रकृतीला चांगली. अशक्तपणा असेल तर घ्या, ताकद येईल! अमेरिकेत श्लिट्झ कंपनीनं १९३६ मध्ये "सनशाइन व्हिटॅमिन डी" घातलेली बिअर विकायला काढली. इंग्लंडच्या मॅकेसनच्या जाहिरातीत तर दिसायला छान, चवीला छान आणि वर "देवाशपथ, तब्येतीलाही छान" असा सूर होता. आज हे वाचून आपण हसतो. आपल्याकडे कुणी काढा विकावा तशी ही माणसं बिअर विकत होती.

यात एक गोष्ट आपल्या मंडळाला जवळची वाटेल. गिनेसचं काम बघणाऱ्या एस. एच. बेन्सन या जाहिरात कंपनीत डोरोथी सेयर्स नोकरीला होती. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारी, दांतेचं भाषांतर करणारी, येशूच्या जीवनावर रेडिओसाठी नाट्यमालिका लिहिणारी हीच ती सेयर्स. तिनं गिनेसच्या जाहिरातींवरही काम केलं. पुढे १९३३ मध्ये तिनं जाहिरात कंपनीतच खून होतो अशी कादंबरी लिहिली. म्हणजे एकाच लेखणीतून बिअरही विकली गेली आणि प्रार्थनाही लिहिली गेली. मी तिला दोष देत नाहीये. मुद्दा एवढाच की घोषवाक्य लिहिणारी माणसं साधी नसतात. ती भाषेत आपल्यापेक्षा पुढे असतात. म्हणून ती वाक्यं आपण कवितेइतक्याच बारकाईनं वाचायला हवीत.

पण बघा, त्या जुन्या जाहिरातींत एक सोय होती. त्या खोटं बोलत होत्या, तरी उघड बोलत होत्या. "ताकद येते" असं म्हटलं की डॉक्टर पुढे येऊन म्हणू शकतो, "नाही येत." खोटं पकडता येतं. पुढे घोषवाक्यं हुशार झाली. १९७० च्या दशकात हायनेकेननं म्हटलं की इतर बिअर जिथे पोचत नाहीत, शरीराचे ते भाग ही ताजेतवाने करते. कुठले भाग? ते सांगितलंच नाही! कार्ल्सबर्गनं म्हटलं, "बहुधा जगातली सर्वोत्तम बिअर." त्या "बहुधा"वर तर एक निबंध लिहिता येईल. बढाईही मारली आणि विनयही दाखवला, शिवाय कोर्टात अडकायची भीती नाही. (२०१९ मध्ये याच कंपनीनं इंग्लंडमध्ये "बहुधा सर्वोत्तम नाही" अशी कबुली देत नवी जाहिरात केली. कबुलीचीही जाहिरातच!) स्टेला आर्टुआनं १९८० च्या दशकात "महाग आहे, म्हणून निश्चिंत राहा" या अर्थाचं वाक्य आणलं. यांतलं कुठलंही वाक्य खोटं म्हणून सिद्ध करता येत नाही, कारण त्यात सिद्ध करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

माझ्या यादीतलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य अमेरिकेच्या शेफर बिअरचं आहे. त्याचा अर्थ असा: एकाहून जास्त प्यायच्या असतील तेव्हा प्यायची हीच ती एक बिअर. हे वाचलं आणि मला आपले गडकरी आठवले. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या नाटकाचं नावच "एकच प्याला". दोन शब्दांचं हे नाव म्हणजे दारूचं सर्वांत प्रभावी घोषवाक्य आहे. फरक एवढाच की गडकऱ्यांनी ते इशारा म्हणून लिहिलं. तळीराम सुधाकरला काय विकतो? दारू नाही विकत, तो "एकच" हा शब्द विकतो. एक म्हणजे काहीच नाही, अशी त्याची विक्री आहे. शेफरनं उलट बाजूनं तेच सांगितलं, एक कशाला, जास्तच घ्या. मराठी माणसानं "तळीराम" हे विशेषनाम सामान्यनाम करून टाकलं, पण त्याची युक्ती मात्र ओळखली नाही. आज तळीराम "एकच प्याला" म्हणत नाही. तो म्हणतो, "बिअरच आहे."

आता भारतात येऊ. इथे बिअर इंग्रजांनी आणली. एकोणिसाव्या शतकात कसौलीच्या डोंगरात "लायन" बिअर निघू लागली. आपल्या पिढीला माहीत असलेलं नाव म्हणजे किंगफिशर. ही १९७८ ची. "मोस्ट थ्रिलिंग चिल्ड", "द किंग ऑफ गुड टाइम्स", आणि ती "ऊ लाला" धून, जी आपल्यातल्या कुणालाही अर्ध्या रात्री उठवून विचारली तरी गुणगुणता येईल. या तिन्हींत बिअरबद्दल काय सांगितलंय? थंड प्या. बास. चव नाही, जव नाही, ताकद नाही, प्रकृती नाही. आहे ती नुसती मजा.

असं का झालं? कायद्यामुळे. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालच्या नियमांनी टीव्हीवर दारूची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात बंद केली. मग सोडा आला, पाण्याची बाटली आली, कॅलेंडर आलं. २००५ मध्ये तर त्याच नावाची विमानं आली आणि २०१२ मध्ये ती बंदही पडली. बाटली पडद्यावरून गेली, नाव राहिलं. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा आडून केलेल्या जाहिरातींवरही बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता बोलायला जागाच नाही म्हटल्यावर बाटलीवरच्या नावालाच ओरडावं लागतं. नावं बघा: नॉक आउट, थंडरबोल्ट, गॉडफादर, हेवर्ड्स ५०००. ते पाच हजार नेमके कसले, हा प्रश्न आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर अजून सुटलेला नाही.

बंदी वाईट होती असं मी म्हणत नाही. पण बंदीमुळे एक विचित्र गोष्ट झाली. जुनी जाहिरात बिअरबद्दल बोलायची, तेव्हा बिअरबद्दल वाद तरी घालता यायचा. आता जाहिरात बिअरबद्दल गप्प आहे आणि त्यामुळे आपणही गप्प आहोत. त्या शांततेत मामांचं वाक्य आरामात बसून आहे.

आमच्या हायवेवर ही शांतता फार छान दिसते. नागपूरहून सुट्टीला गावी जाते तेव्हा बस ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गानं हिंगणघाटवरून जाते. तो वर्धा जिल्हा. तिथे दारूबंदी आहे, म्हणून पाट्या नाहीत. पुढे पांढरकवडा, यवतमाळ जिल्हा, तिथे "बिअर शॉपी" दिसते. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. पाट्या तेलुगू होतात आणि दुकानाला "वाईन्स" म्हणतात. तिथे वाईन शोधावी लागते, विकली जाते ती बिअर आणि व्हिस्की. एकाच रस्त्यावर एकाच वस्तूला तीन वागणुका. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको आणि महामार्गावर दारूच्या पाट्या, जाहिरातीही नकोत, असा निकाल दिला. ३१ मार्च २०१७ ला २०,००० पर्यंत वस्ती असलेल्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. आमचं नेरडीगोंडा या लहान वस्तीतच मोडतं. दोनशेवीस मीटर म्हणजे किती? बसमधून उतरून तोंड धुऊन होईपर्यंत चालून होतं. पाटीची गरज कुणाला आहे?

त्या "बिअर शॉपी"वर जरा थांबते. महाराष्ट्रात बिअर आणि वाईन विकायला वेगळा परवाना आहे. पिण्याचं वयही वेगळं, बिअरला २१ आणि कडक दारूला २५. म्हणजे होगार्थची ती दोन चित्रं सरकारी फायलीतही आहेत! आणि "शॉपी" हा शब्द किती गोड आहे. गिफ्ट शॉपी, मोबाइल शॉपी, बिअर शॉपी. "सरकारमान्य देशी दारूचे दुकान" या पाटीत जी लाज आहे, ती इथे पार पुसली गेली. आमच्या तेलंगणात तर सरकारी महामंडळच सगळी बिअर घाऊक विकत घेतं आणि दुकानांना देतं. जानेवारी २०२५ मध्ये दराच्या वादातून एका मोठ्या कंपनीनं पुरवठा काही दिवस थांबवला, तर ती राज्यभरची बातमी झाली. पुढच्याच महिन्यात दर १५ टक्के वाढले. एक रुपयाची जाहिरात न करता आठवडाभर प्रत्येकाच्या तोंडी बिअर.

आता हे सगळं मी का लिहितेय ते सांगते.

आमच्या गल्लीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर कुंटाला धबधब्यावर गेला होता. आमच्याकडे पावसाळ्यात सगळे जातात. परतताना हायवेवर त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. तो गेला. मागे बसलेला मित्र वाचला. दवाखान्यात पोलीस विचारत होते आणि तो पुन्हा पुन्हा तेलुगूत म्हणत होता, "बीरे सार, अंते." म्हणजे बिअरच साहेब, बाकी काही नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. महिन्याभरानं त्या मुलाच्या आईनं, आमच्या काकूंनी, मला विचारलं, "तू शिकतेस ना मोठ्या कॉलेजात, मंग सांग वं, बिअरनं असं होते का?" मला उत्तर देता आलं नाही. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

उत्तर सोपं होतं, सातवीच्या गणिताचं. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते आणि तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा मोठा पेग ६० मिलिलिटरचा, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे साधारण २६ मिलिलिटर. एक बाटली स्ट्राँग बिअर म्हणजे दोन मोठे पेग. दोन बाटल्या म्हणजे चार. आणि आपल्या देशात खपते ती बहुतेक स्ट्राँगच. मांडवामागे "बिअरच आहे" म्हणत तीन बाटल्या पिणारा माणूस सहा मोठे पेग घेऊन मोटारसायकलला किक मारतो. त्याला कुणी अडवत नाही, कारण तो "प्यायलेला" नाही! जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, आणि ते बिअरमधून आलं की व्हिस्कीतून यानं फरक पडत नाही. पण हे गणित बाटलीवर कुणी मांडत नाही. बाटलीवर असतो तो कायद्यानं सक्तीचा वैधानिक इशारा, बारीक अक्षरात, आणि आमच्याकडच्या बाटल्यांवर मी तो इंग्रजीतच पाहिलाय. आमच्या काकूंना इंग्रजी येत नाही.

कुणी म्हणेल, मग काय, सगळं बंद करा? मला ते म्हणायचं नाही. बंदीची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारूची नुसती स्तुती करायलाही मनाई केली होती. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली, कारण स्तुती करणं हेही बोलण्याचं स्वातंत्र्यच आहे. मला तो निकाल पटतो. पण स्तुतीचा हक्क असेल, तर उलट उत्तर देण्याचाही हक्क आहे. तो आपण वापरतो का?

आपण काय करतो ते आठवा. दर वर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास व्यसनमुक्तीची घोषवाक्य स्पर्धा होते. मागच्या वर्षी मीही भाग घेतला होता. "दारू", "संसार", "सोडा", "जोडा" अशी यमकं जुळवली आणि उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवलं. आता ते वाक्य आठवून लाज वाटते. त्यात एक बायको रडत होती, एक नवरा झिंगत होता, आणि बिअरचं नावसुद्धा नव्हतं. आमच्या गल्लीतल्या मुलानं ते वाचलं असतं, तर म्हणाला असता, "बरोबर आहे, दारू वाईटच." आणि थंड बाटली उघडली असती. आपली घोषवाक्यं जिनच्या गल्लीतच फिरत राहतात. बिअरच्या रस्त्यावर कुणी जातच नाही.

आपल्या कॉलेजात या विषयावर बोलताना कुणीतरी हळूच काना गावच्या लग्नातला द्राक्षारस आठवून देतो. हसू येतं आणि प्रश्न खराही आहे. पवित्र शास्त्रात लग्नातला तो आनंद आहे, आणि नीतिसूत्रांत मद्य माणसाला कसं फसवतं याचा इशाराही आहे. मला जे कळलं ते असं की शास्त्र द्राक्षारसाला द्राक्षारसच म्हणतं. कौतुक करतानाही आणि इशारा देतानाही. नाव बदलून फसवत नाही. आपल्याला निदान तेवढं तर करता येईल.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना. यंदाच्या स्पर्धेत यमकं नकोत. विषय एकच द्या: "बिअर". अट एकच ठेवा: वाक्य असं हवं की जे लग्नाच्या मांडवामागे, टपाशेजारी, हसत हसत म्हणता येईल आणि समोरच्याला क्षणभर थांबवेल. मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, ज्यांना येतं त्यांनी तेलुगूत, गोंडीत लिहा. आमच्या भागात तीच भाषा कामाची आहे. भाषेचे विद्यार्थी म्हणून आपल्याला एवढं जमायला हवं. गिनेससाठी सेयर्सला जमलं, मग काकूंसाठी आपल्याला का नाही?

येत्या सुट्टीत घरी जाईन तेव्हा आधी काकूंकडे जाणार आहे. त्यांना सांगणार आहे की हो काकू, बिअरनं असं होतं, तुमचं पोरगं मूर्ख नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मामांना, पुढच्या लग्नात, आजीसमोर विचारणार आहे: "मामा, एका बाटलीत किती पेग?"